यंत्रापूर्वीचे काम



 या मेळाव्याचा आजचा विषय मोठा आहे आणि तो आपल्या रोजच्या कामाचा आहे. तेलातली आणि पेशींतली मेदाम्ले आपण कशी मोजतो, आणि मोजलेल्या आकड्यावर कितपत विसंबावे, याविषयी मला आज बोलायचे आहे.

हा विषय कुवेतमधल्या जलीब अल शुयूखमध्ये मांडायला फार दूर जावे लागत नाही. या सभागृहातून बाहेर पडून कोणत्याही बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, शिरा. एकाच फळीवर शेंगदाण्याचे, खोबऱ्याचे, मोहरीचे, तिळाचे, सूर्यफुलाचे, मक्याचे, पामचे आणि ऑलिव्हचे तेल शेजारी शेजारी उभे असते. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी एवढी तेले एका दुकानात मिळत नाहीत. इथे अनेक देशांची माणसे राहतात आणि प्रत्येकाची फोडणी वेगळी आहे. त्याच वस्तीत आपल्यापैकी कितीतरी जण राहतात. कुणी तेलशुद्धीकरण कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, कुणी रुग्णालयात रक्ताचे नमुने हाताळतो, कुणी आयात केलेले अन्नपदार्थ तपासतो, कुणी विद्यापीठात पेशी वाढवतो. वरवर पाहता ही चार वेगळी क्षेत्रे आहेत. पण चौघांच्याही टेबलावर गॅस क्रोमॅटोग्राफ आहे, आणि चौघांपुढचा मूळ प्रश्न एकच आहे: या मिश्रणात कोण कोण आहे आणि किती आहे?

मला आज एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. मेदाम्लांच्या अहवालातला आकडा यंत्रात ठरत नाही. तो बराचसा यंत्रापूर्वी ठरतो. नमुना कसा घेतला, कशात ठेवला, त्यातला मेद कोणत्या द्रावकाने काढला, त्याचे मेथिल एस्टर कसे केले, या पायऱ्यांवर जे निसटले ते जगातला कोणताही कॉलम परत आणून देऊ शकत नाही. आपण मात्र सगळा मान यंत्राला देतो आणि या पायऱ्या नव्याने आलेल्या मुलांवर सोपवतो. हे बदलले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

थोडे मागे जाऊ. यंत्रे नव्हती तेव्हाही तेल तपासले जात होते, आणि बुद्धीने तपासले जात होते. 1879 मध्ये कोट्स्टॉर्फर यांनी साबणीकरण मूल्य दिले. त्याच वर्षी राइशर्ट यांनी लोण्यातली उडून जाणारी आम्ले मोजण्याची रीत सांगितली. 1884 मध्ये ह्युबल यांनी आयोडीन मूल्य आणले आणि 1898 मध्ये विज् यांनी त्यात सुधारणा केली. आपल्यापैकी जे नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत किंवा मुंबईच्या माटुंग्याला शिकले, त्यांना विज् सोल्यूशनचा तो तपकिरी रंग आणि तो झोंबणारा वास कायमचा परिचयाचा आहे. आयोडीन मूल्य म्हणजे शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषून घेते, म्हणजेच त्यात दुहेरी बंध एकूण किती आहेत. खोबरेल तेलाचे मूल्य साधारण 7.5 ते 10, भुईमुगाचे 85 ते 99, करडईचे 135 ते 148.

या चाचण्यांची ताकद आणि त्यांची मर्यादा एकाच उदाहरणात दिसते. 58 आयोडीन मूल्याचे पामोलीन 55 भाग घ्या आणि 130 मूल्याचे सूर्यफूल तेल 45 भाग घ्या. मिश्रणाचे मूल्य सुमारे 90 येईल. म्हणजे ते शुद्ध भुईमुगाच्या चौकटीत नेमके बसले! एका सरासरी आकड्यावर विसंबणारा तपासनीस इथे फसतो. म्हणून जुन्या लोकांनी शेंगदाण्याच्या तेलासाठी बेलियरची गढूळपणाची चाचणी वापरली. भुईमुगाच्या तेलात अरॅकिडिक, बेहेनिक आणि लिग्नोसेरिक ही वीस ते चोवीस कार्बनांची लांब संपृक्त आम्ले थोडी पण निश्चित प्रमाणात असतात. तेलाचे साबणीकरण करून, आम्ल घालून, अल्कोहोलमधले द्रावण सावकाश थंड केले की ही आम्ले आधी बाहेर पडतात आणि द्रावण 39 ते 41 अंशांना गढूळ होते. सरकीच्या तेलात हाच गढूळपणा 19 ते 21 अंशांना येतो, मोहरीत 23 ते 27.5 अंशांना. एक थर्मामीटर, एक परीक्षानळी आणि सावध डोळा, एवढ्यावर ही माणसे लांब साखळीच्या आम्लांचा माग काढत होती. या चाचण्यांना कालबाह्य म्हणून हिणवणे मला कधीच पटले नाही.

पण चाचणी माणसावर अन्याय कसा करू शकते, तेही आपल्याच मुलखातून शिकण्यासारखे आहे. विदर्भातल्या कापूस पट्ट्यात गाई-म्हशींना सरकी घालतात. सरकीत वलयी रचनेची, सायक्लोप्रोपीन गटाची मेदाम्ले असतात. हाल्फेनची लाल रंगाची चाचणी तीच पकडते. ही मेदाम्ले थोड्या प्रमाणात जनावराच्या दुधात उतरतात आणि तुपातही येतात. शिवाय सरकीवर पोसलेल्या जनावराच्या तुपाचा राइशर्ट-माइस्ल आकडा, म्हणजे उडून जाणाऱ्या आम्लांचे माप, तोही खाली येतो. म्हणजे प्रामाणिक गवळ्याचे, स्वतःच्या म्हशीचे तूप प्रयोगशाळेत भेसळीचे ठरू शकत होते. म्हणून तर भारतातल्या अन्नविषयक नियमांत कापूस पट्ट्याची वेगळी नोंद झाली आणि तिथल्या तुपासाठी वेगळी मर्यादा धरली गेली. जनावर काय खाते हे ज्याला ठाऊक नाही, त्याने तुपावर निकाल देऊ नये. ही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा वऱ्हाडातल्या एखाद्या गोठ्यात लवकर समजते.

दुसरी गोष्ट करडईची. महाराष्ट्र आणि कर्नाटक हा करडईचा आपला मुलूख. सोलापूरच्या कोरडवाहू जमिनीत ती वर्षानुवर्षे पिकते, आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तिच्यावर दशकानुदशके काम केले आहे. नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल 75 टक्क्यांच्या आसपास असते. 1957 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हॉरोविट्झ आणि विंटर यांचे एक छोटे टिपण आले: करडईच्या एका बियाण्याच्या तेलाचे आयोडीन मूल्य फारच कमी निघत होते. ते बियाणे भारतातून गेलेले होते. घाईत असलेल्या माणसाने हा आकडा चूक समजून पुसून टाकला असता. पण चौकशी झाली आणि कळले, की त्या तेलात लिनोलिक व ओलिक यांच्या प्रमाणांची अदलाबदल झाली आहे. पुढे कॅलिफोर्नियात पॉल नोल्स यांनी भारतीय बियाण्यातला हा गुण कसा वारशाने उतरतो ते शोधले आणि त्यातून जास्त ओलिक असलेला वाण घडवला. आज जगभर विकले जाणारे ‘हाय ओलिक’ करडईचे तेल त्या वाटेने आले. ब्युरेटवरचा एक विसंगत आकडा कुणीतरी गांभीर्याने घेतला, म्हणून हे घडले.

त्याच तेलाने पुढे तपासनिसांपुढे नवा पेच उभा केला. ऑलिव्ह तेलात ओलिक आम्लाची मान्य चौकट बरीच रुंद आहे. जास्त ओलिकचे करडई किंवा सूर्यफूल तेल त्यात मिसळले तर मेदाम्लांचा आराखडा जवळजवळ हलत नाही. इथे गॅस क्रोमॅटोग्राफीचा मेदाम्लांचा रन कितीही सुंदर काढा, भेसळ सापडायची नाही. त्यासाठी तेलातला साबण न होणारा भाग वेगळा काढून स्टेरॉल तपासावे लागतात. डेल्टा-7-स्टिग्मास्टेनॉल हे स्टेरॉल ऑलिव्ह तेलात अर्ध्या टक्क्यापर्यंतच मान्य आहे, आणि सूर्यफूल व करडईत ते त्याच्या कितीतरी पट असते. कुवेतमध्ये ऑलिव्ह तेल बाहेरून येते. आयात तपासणीत काम करणाऱ्या सहकाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

याच संदर्भात एक प्रश्न मला इथली मराठी कुटुंबे वारंवार विचारतात. गावाहून येताना सामानात लाकडी घाण्याचे तेल आणतात आणि विचारतात, ताई, हे खरेच घाण्याचे आहे का, तपासून द्या. मेदाम्लांच्या विश्लेषणाने याचे उत्तर मिळत नाही. घाण्याचे शेंगदाणा तेल आणि रिफाइंड शेंगदाणा तेल यांची मेदाम्ले जवळपास सारखीच असतात. फरक असतो तो मुक्त आम्लांत, रंगात, वासात, टोकोफेरॉलमध्ये आणि उच्च तापमानावर शुद्धीकरण करताना तयार होणाऱ्या किरकोळ घटकांत. ज्या प्रश्नाचे उत्तर आपली पद्धत देऊ शकत नाही, तिथे ‘देता येत नाही’ असे स्पष्ट सांगणे हाही व्यावसायिक कामाचाच भाग आहे.

आता यंत्राकडे येते. 1952 मध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी वायू-द्रव क्रोमॅटोग्राफीचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध केला, तो मेदाम्लांवरच होता. फॉर्मिकपासून बारा कार्बनांच्या आम्लापर्यंत त्यांनी एकेक आम्ल वेगळे केले, आणि कॉलममधून बाहेर पडणारे आम्ल चक्क आपोआप चालणाऱ्या ब्युरेटने मोजले. त्याच वर्षी मार्टिन यांना, सिंज यांच्यासह, विभाजन क्रोमॅटोग्राफीसाठी नोबेल मिळाले. पुढे ज्योत-आयनीकरण शोधक आला, गोले यांचे केशनलिका कॉलम आले, 1979 पासून फ्यूज्ड सिलिकाचे लवचिक कॉलम आले. पेट्रोलियम उद्योगाने हे तंत्र सर्वांत आधी उचलले. म्हणून कुवेतच्या तेलक्षेत्रात, अहमदीच्या बाजूला, हायड्रोकार्बनची तपासणी करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांच्या हातात हे कसब अन्न तपासणाऱ्यांपेक्षा अनेकदा जास्त मुरलेले असते.

सिंहगडाच्या पायथ्याहून सगळे एकदम निघतात आणि वर मात्र आपापल्या वेळी पोहोचतात, तसे मेथिल एस्टर कॉलममध्ये एकत्र शिरतात आणि वेगवेगळे बाहेर येतात. आखूड आधी, लांब नंतर. आणि ध्रुवीय कॉलमवर दुहेरी बंध जितके जास्त तितका उशीर. सिस आणि ट्रान्स वेगळे करायचे असतील तर शंभर मीटर लांबीचा सायनोप्रोपिल कॉलम लागतो, आणि रन तासाभराच्या पुढे जातो. भारतात तेल-तुपातील ट्रान्स मेदाची मर्यादा 2021 मध्ये 3 टक्क्यांवर आणि जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांवर आली. मर्यादा दहा टक्के होती तेव्हा अर्ध्या टक्क्याची गडबड खपत होती. आता ती खपत नाही. तीस मीटरच्या कॉलमवर घाईने काढलेल्या रनमध्ये अठरा कार्बनांच्या ट्रान्स आम्लांची काही शिखरे ओलिकच्या पोटात शिरतात. अशा अहवालावर ‘1.8 टक्के’ लिहून सही करू नये.

पण मी म्हटले तसे, खरे काम यंत्रापूर्वीचे. त्यावर थोडा जास्त वेळ घेते.

पहिली पायरी मेद बाहेर काढण्याची. बियाण्यातले तेल सॉक्सलेटमध्ये पेट्रोलियम ईथरने निघते. म्हणून अनेकांना वाटते की हीच रीत कुठेही चालेल. पण पेशीपटलातली फॉस्फोलिपिडे त्या द्रावकात नीट उतरत नाहीत. ती प्रथिनांना धरून बसलेली असतात. त्यांच्यासाठी फोल्च आणि सहकाऱ्यांनी 1957 मध्ये क्लोरोफॉर्म आणि मेथॅनॉल 2:1 या प्रमाणात वापरले. 1959 मध्ये कॅनडात ब्लाय आणि डायर यांनी माशांवर काम करताना त्याची झटपट, कमी द्रावकाची आवृत्ती काढली. आज बहुतेक प्रयोगशाळांत ‘ब्लाय-डायर’ हेच नाव चालते. ती रीत त्यांनी कमी चरबीच्या कॉड माशासाठी बसवली होती, हे मात्र विसरले जाते. नमुन्यात मेद दोन टक्क्यांच्या वर गेला की द्रावक अपुरा पडतो आणि एकूण मेद कमी मोजला जातो. चरबी जितकी जास्त तितकी तूट जास्त. 2001 मध्ये आयव्हरसन आणि सहकाऱ्यांनी हे स्पष्ट दाखवून दिले.

कुवेतमध्ये हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. आपण ज्याला पापलेट म्हणतो त्याला इथे झुबैदी म्हणतात, आणि कुवेती घरात त्याचा मान कोकणातल्या घरापेक्षा तसूभरही कमी नाही. कुवेतच्या वैज्ञानिक संशोधन संस्थेने झुबैदीच्या संवर्धनावर दीर्घकाळ काम केले आहे, आणि माशाच्या पिल्लांच्या वाढीत बावीस कार्बनांच्या डीएचएला फार महत्त्व असते. आता समजा, कुणी अशा चरबीदार माशावर मूळ ब्लाय-डायरच जशीच्या तशी वापरली. टक्केवारी चांगली दिसेल, पण शंभर ग्रॅम मांसात किती मिलिग्रॅम डीएचए आहे हा आकडा खाली येईल. आणि आहारतज्ज्ञाला तोच आकडा हवा असतो. माशासाठी फोल्चच वापरा, किंवा द्रावक वाढवा, आणि काय केले ते अहवालात लिहा.

दुसरी पायरी मेथिल एस्टर करण्याची. इथे दोन वाटा आहेत, आम्लाची आणि अल्कलीची. सोडियम मेथॉक्साइड काही मिनिटांत ग्लिसरॉलला जोडलेली आम्ले मोकळी करून त्यांचे एस्टर करते, साध्या तापमानालाही करते. म्हणून ते सोयीचे. पण मुक्त मेदाम्लांना ते हात लावत नाही, आणि स्फिंगोलिपिडांत अमाइड बंधाने अडकलेल्या आम्लांनाही नाही. मासा उन्हात गाडीत राहिला, बर्फ वितळला, मांसातल्या विकरांनी मेद तोडून मुक्त आम्ले केली, आणि मग आपण मेथॉक्साइड वापरले, तर ती मुक्त आम्ले हिशेबातूनच गेली. 21 जुलै 2016 रोजी याच देशात मित्रिबा येथे 53.9 अंश तापमान नोंदले गेले. इथे नमुन्याची शीतपेटी हा विश्लेषणाचाच भाग आहे, आणि ड्रायव्हर हा आपल्या चमूचा सदस्य आहे. त्याला का ते समजावून सांगा. तो लक्षपूर्वक ऐकतो, हा माझा अनुभव आहे.

आम्लाची वाट, म्हणजे बोरॉन ट्रायफ्लोराइड-मेथॅनॉल किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल-मेथॅनॉल, सगळ्यांना पकडते, पण तिचेही दोष आहेत. दुधाच्या मेदातल्या संयुग्मित लिनोलिक आम्लाचे दुहेरी बंध ती जागेवरून हलवते. जुने झालेले बोरॉन ट्रायफ्लोराइड तर नसलेली शिखरे निर्माण करते. एकच रीत सर्व नमुन्यांना लावण्याचा हट्ट सोडला पाहिजे.

तुपाचे तर आणखी वेगळे. त्यात वजनाने तीन ते चार टक्के ब्युटिरिक आम्ल असते, आणि तेच तुपाची ओळख आहे. त्याचा मेथिल एस्टर सुमारे 102 अंशांना उकळतो आणि पाण्यातही थोडा विरघळतो. एस्टर तयार झाल्यावर सवयीने नायट्रोजनखाली द्रावक उडवला की ब्युटिरेटही उडाले. मग अहवाल पाहणारा म्हणतो, तुपात ब्युटिरिक कमी, म्हणजे भेसळ. पुन्हा तोच प्रामाणिक गवळी गुन्हेगार! त्यातच तुपासाठी अंतर्गत मानक म्हणून सतरा कार्बनांचे आम्ल वापरणे हाही एक चुकीचा प्रघात आहे, कारण रवंथ करणाऱ्या जनावरांच्या मेदात ते मुळातच असते. तिथे तेरा किंवा एकोणीस कार्बनांचे घ्यावे.

आता पेशींविषयी, कारण रुग्णालयात आणि विद्यापीठात काम करणारे आपले तरुण सहकारी वाढत आहेत. तेलात आपण ग्रॅममध्ये खेळतो. दहा लाख पेशींतली सगळी मेदाम्ले मिळून मायक्रोग्रॅमच्या हिशेबात भरतात. त्या पातळीवर बोटाचा एक ठसादेखील पामिटिक आणि स्टिअरिकची भर घालतो. प्लॅस्टिकला निसरडेपणा यावा म्हणून त्यात ओलिअमाइड आणि एरुकामाइड घालतात. ती क्लोरोफॉर्ममध्ये उतरतात, आणि आम्लाच्या वाटेने गेल्यास त्यांच्यापासून ओलिक व एरुसिकचे एस्टर होतात. मानवी पेशीत एरुसिक आम्ल सापडल्याचा आनंद होण्याआधी रिकामी नळी त्याच सगळ्या पायऱ्यांतून नेऊन पाहिली पाहिजे. ब्लँकशिवाय पेशींचा अहवाल मी तरी वाचत नाही. काच वापरा, टेफ्लॉनची झाकणे वापरा, पेशी माध्यमातून काढल्यावर नीट धुवा. पेशींचे माध्यम वासराच्या सीरमवर चालते, आणि त्यातली मेदाम्ले जशी असतील तशी पेशींची पटले घडतात. सीरमचा नवा लॉट सुरू केला आणि पटलांची रचना बदलली, तर ते औषधाचे श्रेय समजू नका.

लाल रक्तपेशींचे काम आता वाढले आहे. 2004 मध्ये हॅरिस आणि फॉन शाकी यांनी ओमेगा-3 निर्देशांक सुचवला: लाल पेशींच्या पटलातील ईपीए आणि डीएचए या दोन ओमेगा-3 आम्लांची एकूण टक्केवारी. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, त्यामुळे कालच्या जेवणाचा नव्हे तर गेल्या काही महिन्यांच्या आहाराचा माग ती ठेवते. पण लाल पेशीत लोह ठासून भरलेले असते. उणे 20 अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवलेल्या पेशींत हेच लोह बहुअसंपृक्त आम्लांचे ऑक्सिडीकरण घडवते आणि काही आठवड्यांत निर्देशांक ढासळतो. उणे 80 लागतेच. ज्या रुग्णालयात ती सोय नाही, तिथे नमुने साठवून ठेवू नयेत. आले तसे धुवून, एस्टर करून मोकळे व्हावे.

आणि काही वेळा निदान एका अगदी क्षुल्लक दिसणाऱ्या शिखरावर अवलंबून असते. अड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी या प्रामुख्याने मुलग्यांना गाठणाऱ्या आजारात सव्वीस कार्बनांचे संपृक्त आम्ल साठत जाते. 1981 मध्ये ह्यूगो मोझर आणि सहकाऱ्यांनी रक्तद्रवातून ते मोजण्याची चाचणी दिली. नेहमीच्या अहवालात हे आम्ल ‘इतर’ या सदरात जाते, किंवा रन आधीच थांबवल्यामुळे दिसतच नाही. एका आईला आपल्या मुलाच्या आजाराचे नाव कळणे त्या शेवटच्या मिनिटांवर अवलंबून असते. म्हणून रन पूर्ण होऊ द्या.

शेवटचा मुद्दा टक्केवारीचा. आपले सर्व अहवाल शंभर टक्क्यांत बसवलेले असतात. एक वाढले की दुसरे कमी दिसणारच, प्रत्यक्षात ते तेवढेच असले तरी. ही सवय सर्वांत महागात पडते ती तळणाच्या तेलात. जलीबमधल्या खानावळी आणि मेस हजारो कामगारांना रोज जेवू घालतात. तिथले तेल पुन्हा पुन्हा तापते, आणि त्यात मेदाच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना चिकटून मोठे बहुवारिक रेणू होतात. हे रेणू कॉलममधून बाहेर येतच नाहीत. जे बाहेर येते त्याचीच आपण शंभर टक्के वाटणी करतो, आणि तेल बऱ्यापैकी ठीक दिसते. वजन करून अंतर्गत मानक घातले, तर कळते की तेलाचा मोठा भाग हिशेबातून गायब आहे. त्याच्या जोडीला एकूण ध्रुवीय संयुगे मोजा. भारताने 1 जुलै 2018 पासून त्यासाठी 25 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. ज्याला दुपारच्या उन्हात बांधकामावर उभे राहायचे आहे, त्या माणसाच्या ताटात काय जाते याचा खरा आकडा त्याला मिळाला पाहिजे, आणि तो देण्याची विद्या या सभागृहात बसलेल्या लोकांकडे आहे.

म्हणून माझी आपणा सर्वांना एक विनंती आहे. संयोजकांनी माझ्या सांगण्यावरून शेंगदाणा तेल, तूप आणि वापरलेले तळणाचे तेल यांचे एकेका डब्यातून काढलेले समान नमुने तपकिरी बाटल्यांत भरून दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्यांच्या प्रयोगशाळेची परवानगी आहे त्यांनी एकेक संच न्यावा. आपल्या नेहमीच्या रीतीने तपासावा, आणि आकड्यांसोबत ती रीत पूर्ण लिहून द्यावी: द्रावक कोणता, एस्टर कसे केले, मानक कोणते, कॉलम किती मीटरचा, ब्लँकमध्ये काय आले. कुणाच्या संस्थेचे नाव कुठेही जाहीर होणार नाही. प्रत्येकाला फक्त एक क्रमांक मिळेल. पेट्रोलियमच्या प्रयोगशाळांतील सहकाऱ्यांनी मागे राहू नये. खाद्यतेल आपले क्षेत्र नाही असे म्हणून बाटली ठेवून जाऊ नये. सर्वांचे निकाल शेजारी शेजारी मांडून, कुठे कोणाचा आकडा का सरकला, यावर पुढच्या बैठकीत आपण एक पूर्ण दिवस देऊ, आणि त्यातून मराठीत एक कार्यपुस्तिका तयार करू. बाटली नेताना शीतपेटीतच न्या, आणि टेबलावरच्या वहीत आपली सही करा.